रस्सा नसलेलं मटण

माझा राग मटणाच्या एका तुकड्यावरून आहे. हे आधीच सांगून टाकते, म्हणजे ज्यांना हसायचंय त्यांनी आत्ताच हसून घ्यावं. आमच्या घरातले सगळे हसून झालेत. मुलगी पुण्याहून फोनवर हसली, नणंद समोर बसून हसली, आणि भाजीवालीला कुठून कळलं कोण जाणे, तीही पिशवीत कोथिंबीर टाकताना गालातल्या गालात हसली. जमिनीवरून भांडणं होतात, सोन्यावरून होतात, त्या भांडणांना एक मान असतो. पन्नाशी उलटलेली, गुडघ्याला पट्टा बांधून फिरणारी बाई मटणाच्या तुकड्यावरून धुमसतेय म्हटल्यावर लोक हसणारच. मलाही अधूनमधून हसू येतं. राग मात्र तिथल्या तिथे असतो.

आमच्याकडे रविवारी मटण असतं. हे सकाळी पिशवी घेऊन जातात, मटण आणून ओट्यावर ठेवतात आणि दिल्ली जिंकून आल्यासारखे पेपर उघडून बसतात. पुढचं सगळं माझं. कांदा-खोबरं भाजायचं, वाटण वाटायचं, काळा मसाला घालायचा, रस्सा करायचा. आणि रस्सा ही अशी चीज आहे की तिला शेवट नसतो. कोणी आलं की तांब्याभर गरम पाणी, दोन बटाटे, वरून तिखट-मीठ. हे हॉलमधून ओरडतात, "अगं, दाजी आलेत! रस्सा वाढव जरा!" दाजी म्हणजे नणदेचे मिस्टर, या घरचे जावई. गंगापूर रोडला राहतात, आमच्यापासून स्कूटरवर पाच मिनिटं. रविवारी जेवायच्या वेळेला त्यांना आमची फार आठवण येते.

रस्सा वाढतो. पीस वाढत नाहीत. हे गणित या घरात फक्त मला माहीत आहे, कारण पळी माझ्या हातात असते. नळी दाजींना. कलेजी ह्यांना. आईंना, म्हणजे माझ्या सासूबाईंना, दात नाहीत म्हणून मऊ बघून दोन. नणंद माहेरपणाला आलेली, तिला चांगले. मग मी पातेलं वाकडं करते आणि तळाशी जे असेल ते माझ्या ताटात येतं. बहुतेक वेळा तो बटाटा असतो.

याची सुरुवात माझ्याच तोंडाने झाली. लग्नानंतरच्या पहिल्याच रविवारी कोणीतरी विचारलं, "अगं, तुला पीस नाही उरला?" आणि मी नवी नवरी, पदर सावरत म्हणाले, "मला रस्साच आवडतो." संपलं. आधार कार्डावरच्या फोटोसारखं ते वाक्य मला चिकटलं. आपलं वाटत नाही, पण सगळीकडे तेच चालतं. लग्नाकार्यात वाढपी समोर आला तरी आमचे हे पलीकडून सांगतात, "हिला पीस नको, ही रस्सावाली आहे." एवढ्या खात्रीने सांगतात की कधीकधी मलाही वाटतं, असेल बुवा.

मग दिवाळीनंतर मी पुण्याला मुलीकडे गेले. तिने मला एका हॉटेलात नेलं. शेजारच्या टेबलावर एक मुलगी एकटीच बसली होती, आमच्या मुलीपेक्षाही लहान. तिच्यासमोर लाकडी पाटावर एक जाडजूड, वरून काळपट तांबूस भाजलेला मांसाचा तुकडा आणून ठेवला. ती सुरीने कापत होती, आत गुलाबी होतं, आणि ती शांतपणे एकेक घास खात होती. मूळचा तो प्रकार कशाचा असतो ते मला माहीत आहे, आणि आमच्या घराण्यात बोकडाच्या पुढे कोणी गेलेलं नाही. आमच्या पुढ्यात चिकन होतं. पण माझं लक्ष त्या मांसाकडे नव्हतंच. त्या मुलीला कोणी विचारत नव्हतं, दाजींना दिलं का म्हणून. तो तुकडा एकीचा होता. त्याला रस्सा नव्हता, म्हणजे तो वाढवता येणार नव्हता. कोणी आलं असतं तरी त्यात तांब्याभर पाणी ओतता आलं नसतं.

"मम्मी, टक लावून बघू नको," मुलगी म्हणाली.

"बोकडाचं करता येईल का गं असं?"

"येईल की. मांडीचं जाड घ्यायचं. पण तुला तर रस्साच आवडतो ना?"

पोटच्या पोरीने असं म्हटल्यावर जे वाटतं ते मी चिकनच्या घासाबरोबर गिळलं.

नाशिकला परत आल्यावर तिने मला असा तुकडा भाजायचे व्हिडिओ पाठवले. दाढीवाले धिप्पाड गोरे बाप्ये एका काळ्या जड तव्याचं असं कौतुक करत होते की जणू घरची लेकच. तो तवा घ्या, तो असा जपा, त्याला तसं तेल लावा. मी उठून ओट्याखालचा कप्पा उघडला. माझा बिडाचा तवा तिथेच होता. लग्नात माझ्या आईने देवळ्याच्या आठवडे बाजारातून घेऊन दिलेला, काठ उभे, वजन असं की एका हाताने उचलायचा तर मनगट बोलतं. इतकी वर्षं त्यावर थालीपिठं आणि धिरडी झाली. त्याला साबण लावायचा नाही, घासणी लावायची नाही, गरम असताना फडक्याने पुसायचा आणि तेलाचं बोट फिरवून ठेवायचा. आई देताना म्हणाली होती, "काया शे तवलोंगच चांगला शे तो." काळा आहे तोवरच चांगला. तो इतका काळा आणि इतका गुळगुळीत झाला होता की त्यात ट्यूबलाइट दिसायची.

रविवारी सकाळी मी म्हटलं, मटण आज मी आणते.

"तू?" हे म्हणाले. "ऊन लागेल."

सकाळचे आठ वाजले होते आणि डिसेंबर होता.

खाटकाकडे मी नेहमीचं मटण घेतलं आणि म्हटलं, "आता मांडीचा एक काप द्या. आडवा, हाडासकट, बोटाच्या दोन पेरांएवढा जाड."

"तुकडे करू ना?"

"नको. अख्खा."

"वहिनी, शिजणार नाही हो असा." मग मान खाली घालून हळूच विचारलं, "कुत्रा पाळला का?"

रांगेतले सगळे माझ्याकडे बघायला लागले. मी म्हटलं, "हो. मोठा आहे. चावतो." तेव्हा कुठे त्याने सुरा उचलला.

घरी आल्यावर आधी सगळ्यांचा रस्सा केला. कोणाच्या तोंडातलं काढून मी काही खाणार नव्हते, हे लक्षात घ्या. रस्सा उकळत असताना माझ्या तुकड्याला मीठ चोळून ठेवलं. मसाला नाही, आलं-लसूण नाही, दही नाही. हात तिखटाच्या डब्याकडे आपोआप जात होता, त्याला आवरावं लागलं. नंतर तुकडा स्वच्छ फडक्याने दाबून दाबून कोरडा केला, कारण ओला असला तर तो भाजत नाही, नुसता वाफवतो. तवा मोठ्या आचेवर ठेवला आणि धूर निघेपर्यंत हात लावला नाही. मग शेंगदाण्याचं तेल थोडंसं, आणि तुकडा ठेवला. असा आवाज आला की आई देवघरातून म्हणाल्या, "काय पडलं गं?"

सगळ्यात अवघड काय, तर त्याला न हलवणं. आयुष्यभर ढवळत आलेल्या बाईला उलथनं हातात घेऊन स्वस्थ उभं राहता येत नाही. मी उलथनं खाली ठेवलं आणि हात मागे बांधले, शाळेतल्यासारखे. खालची बाजू तव्यापासून आपोआप सुटली तेव्हा उलटलं. काळपट तांबूस, कडा कुरकुरीत, अगदी त्या पुण्याच्या मुलीच्या पाटावरचं. आच कमी केली, चमचाभर लोणी आणि ठेचलेल्या लसणाच्या पाकळ्या टाकल्या, तवा कलता करून ते लोणी चमच्याने वरून सोडत राहिले. घर धुराने भरलं. हे खोकत आले.

"काय जळतंय?"

"जळत नाहीये. हे माझं आहे. आता ताटलीत काढून ठेवणार आणि थोडा वेळ तसंच राहू देणार. लगेच कापलं तर आतला रस वाहून जातो. कोणी हात लावायचा नाही."

"बरं," हे म्हणाले. स्पष्ट ऐकू येईल असं म्हणाले. मला आठवतंय.

तेवढ्यात बेल वाजली. दाजी आणि नणंद. मी पाणी घेऊन गेले. नणंद म्हणाली, "वहिनी, बस ना जरा, सारखी काय पळतेस." मीही बसले, तुकडा तसाही विसावत होता. गुडघ्यांचं बोललो, तिच्या नव्या डॉक्टरांचं बोललो. आणि मग शिट्टी झाली.

माझ्या घरात माझ्याशिवाय कुकर कोणी लावत नाही. म्हणून आधी वाटलं, शेजारची असेल. दुसरी झाली तेव्हा मी उठले.

ज्या माणसाला इतक्या वर्षांत चहाचं गाळणं सापडलेलं नाही, तो माणूस गॅससमोर उभा होता. बाह्या वर केलेल्या, चेहऱ्यावर कर्तव्य. आई बाजूला स्टुलावर.

"ताटलीतलं कुठे गेलं?"

"अगं, त्याला खालून लाल पाणी सुटलं होतं," हे म्हणाले. "आईने बघितलं म्हणून बरं. पाहुण्यांसमोर तुझी फजिती झाली असती. रस्सा घालून कुकरला लावलं. चार शिट्ट्या देतो."

"कच्चं हाय गं ते," आई म्हणाल्या. "पोटात दुखंल लय. मी म्हटलं त्याला, लाव पटकन."

मी सिंककडे बघितलं. सिंकमध्ये साबणाचा फेस होता आणि फेसात माझा तवा. बाजूला तारेची घासणी.

"तवापण घासून टाकला," हे म्हणाले. "काय काळा झाला होता गं! निघता निघेना. पण काढला."

एवढं बोलून हे थांबले. शाबासकीसाठी थांबले होते, देवाशपथ.

त्यावेळी ओरडायला हवं होतं. बाहेर पाहुणे बसले होते म्हणून ओरडले नाही, ही माझी पद्धत. पाहुण्यांसमोर मी कधी ओरडलेले नाही आणि आमच्या घरात पाहुणे कधी संपलेले नाहीत. पानं वाढली. कुकर उघडला, तर तो तुकडा ओल्या पुठ्ठ्यासारखा राखाडी होऊन रस्स्यात तरंगत होता. सगळ्यात मोठा पीस, म्हणून हे म्हणाले, "दाजींना वाढ तो."

"वा, वहिनी!" दाजी म्हणाले. "एवढा मोठा? सांगून घेतला वाटतं माझ्यासाठी?"

आणि माझ्या तोंडून काय निघावं? "घ्या ना. रस्सा वाढू अजून?" हे वाक्य आठवलं की आजही मला तव्याऐवजी स्वतःचं डोकं गॅसवर ठेवावंसं वाटतं.

दाजींनी दोन घास खाल्ले आणि म्हणाले, "जरा चिवटच निघाला." बाकीचा ताटाच्या कडेला सारला. तो कडेला पडलेला अर्धा पीस मी हात धुवायच्या आधी खरकट्यात टाकला. माझ्या हाताने.

पाहुणे गेल्यावर मात्र बांध फुटला.

"एवढं काय झालं?" हे खरोखर गोंधळले होते. "पोटातच गेला ना पीस?"

"कुणाच्या पोटात?"

"म्हणजे?"

"कुणाच्या पोटात गेला, ते विचारतेय."

"अगं, एका तुकड्यासाठी? तुला तर रस्साच आवडतो."

"मला रस्सा आवडत नाही!" मी ओरडले. आई हॉलमधून आत आल्या. "मला कधीच रस्सा आवडला नाही. मला पीस आवडतो. मला नळी आवडते. मला कलेजी आवडते. मला बटाट्याचा वीट आलाय!"

हे आईंकडे बघायला लागले, आई ह्यांच्याकडे. माझ्या अंगात आल्यासारखं बघत होते. मग हे अगदी समजुतीने म्हणाले, "मग आधी सांगायचं ना." ह्यांच्या ठिबक सिंचनाच्या दुकानात कुठल्या गिऱ्हाइकाला कुठला पाइप लागतो ते ह्यांना न सांगता कळतं. इथे मात्र सांगायचं.

तवा फेसातून काढून पुसला. करडा पडला होता, आणि संध्याकाळपर्यंत त्यावर गंजाचे तांबूस ठिपके आले. मी जाहीर करून टाकलं, हा तवा पहिल्यासारखा होईपर्यंत या घरात मटण होणार नाही. आणि तव्याला कोणी बोट लावायचं नाही.

"मग रविवारी काय करायचं?" ह्यांनी विचारलं.

"वांगी."

"रविवारी वांगी?" आई म्हणाल्या. "कोणी मेलंबिलं का घरात?"

पुढचे काही रविवार वांगी झाली, मेथी झाली, पिठलं झालं. दाजी एकदा आले, पिठल्याचा वास घेतला आणि काम आठवून निघून गेले. हे जेवताना असे सुस्कारे सोडत की भाकरीवरचं पीठ उडावं. नणंदेचा फोन आला, "वहिनी, एका तव्यावरून दादाला उपाशी मारतेस का?" तिला म्हटलं, दादाला पिठलं तू करून घाल.

मी रोज कामं आटोपली की तवा तापवायची, तेलाचा पुसट हात फिरवायची, धूर निघू द्यायची, गार करायची. ह्यांनी एकदा मदत करू का विचारलं. मी नुसतं बघितलं. हे परत गेले. हळूहळू तवा तपकिरी झाला, मग काळसर, आणि एक दिवस त्यावरून धिरडं घसरत सुटलं.

मी बुधवार धरला. हे दुकानात, आई दुपारच्या झोपेत. खाटकाने मला बघून विचारलं, "कसाय कुत्रा?" म्हटलं, "उपाशी आहे." तसाच काप, तसंच मीठ, तसाच कोरडा केला. या वेळी ताटली स्वयंपाकघरातल्या टेबलावर ठेवली आणि तिच्यासमोर खुर्ची ओढून राखणीला बसले, शेतात पाखरं हाकायला बसतात तशी. धुराने आई उठून आल्याच. ताटलीकडे बघितलं. खालून लाल रस सुटला होता.

"कच्चं हाय गं."

"असू द्या."

त्या समोर बसल्या. मी सुरीने कापलं, आत गुलाबी, आणि पहिला घास तोंडात टाकला. गरम होता. आता मी काय सांगू. इतकी वर्षं मटण शिजवतेय, आणि गरम पीस, पहिला, कोणाला काही वाढायचं राहिलेलं नसताना, मी कधी खाल्लाच नव्हता. मला वाटलं होतं, तो खाल्ला की राग जाईल. उलट झालं. एकेका घासाबरोबर तो वाढत गेला. आजवर मी पळीने दुसऱ्यांच्या ताटात काय काय टाकत आले, ते मला आत्ता कुठे कळत होतं.

"कसं झालंय?" आईंनी विचारलं.

"चिवट," मी म्हटलं. ते चिवट नव्हतं, लोण्यासारखं होतं. पण चांगलं म्हटलं असतं तर द्यावं लागलं असतं, आणि त्या दिवशी मला द्यायचं नव्हतं. हाडाभोवतीचंही मी सुरीने खरवडून खाल्लं. आई शेवटपर्यंत बसून होत्या. मग उठताना म्हणाल्या, "चिवट असतं तं एवढं चाखून कोणी खात नाय." आणि झोपायला गेल्या.

त्या रविवारी मी पुन्हा मटण केलं. वास जिन्यापर्यंत गेला असणार, कारण दाजी हजर. हे हॉलमधून ओरडले, "अगं, रस्सा वाढव जरा!" मी वाढवला. तांब्याभर पाणी, दोन बटाटे. पानं मांडली आणि सगळ्यात आधी माझं ताट घेतलं. नळी माझ्या ताटात. कलेजी माझ्या ताटात. दोन मऊ पीस आईंना, त्यांना दात नाहीत. दाजींना चांगले, नणंदेला चांगले. मग पातेलं वाकडं केलं आणि ह्यांच्या ताटात बटाटा सोडला.

हे ताटाकडे बघत राहिले. "अगं... पीस?"

"रस्सा घ्या ना," मी म्हटलं. "छान झालाय."

दाजी माझ्या ताटातल्या नळीकडे बघत होते. मी ती उचलली, ताटाच्या काठावर दोनदा आपटली, आतला मगज बाहेर येईना म्हणून तोंडाला लावली आणि जोरात ओढली. असा आवाज झाला की नणंदेने हसू दाबायला तोंडावर पदर घेतला. मी हसले नाही. नळी पुन्हा आपटली.